रोवलेला पाय, मोकळा पाय

बास्केटबॉलच्या सामन्यात नव्या प्रेक्षकाला सर्वांत जास्त बुचकळ्यात टाकणारी शिट्टी म्हणजे ट्रॅव्हलिंगची. कुणी कुणाला ढकललेले नसते, चेंडू रेषेबाहेर गेलेला नसतो, वेळही संपलेली नसते. तरी पंच शिट्टी फुंकतो, छातीसमोर दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवतो आणि चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हवाली करतो. मैदानाच्या एका बाजूने ‘स्टेप्स! स्टेप्स!’ असा गलका उठतो, दुसऱ्या बाजूचे पंचाच्या नावाने बोटे मोडतात. नेमके काय चुकले असे विचारावे, तर एकजण म्हणतो तीन पावले पडली, दुसरा म्हणतो दोनच पडली. वाद तिथेच घोटाळत राहतो. हे पुस्तक तो वाद पुढे नेण्यासाठी लिहिले आहे. पावले किती पडली, हा या नियमातला दुसरा प्रश्न आहे. चेंडू हातात कधी आला, हा पहिला.

हे पुस्तक खेळणाऱ्या मुलामुलींसाठी आहे, तसेच त्यांच्या पालकांसाठी, शाळेतल्या क्रीडाशिक्षकांसाठी आणि आंतरशालेय स्पर्धांत गळ्यात शिट्टी अडकवून उभे राहणाऱ्यांसाठीही आहे. पुढच्या प्रकरणांत आकृत्या, सराव आणि एकेका प्रसंगाची उकल येईल. त्याआधी हा नियम कुठून आला, तो काय सांगतो आणि त्याच्यावर आपण इतका जीव का लावावा, हे या प्रस्तावनेत सांगायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: पिव्हट फुटचा, म्हणजे रोवलेल्या पायाचा, नियम ही बास्केटबॉलवर मागाहून लादलेली अट नव्हे. या खेळातल्या बहुतेक सुंदर गोष्टी याच नियमाच्या पोटी जन्मलेल्या आहेत.

सुरुवात १८९१ च्या हिवाळ्यात झाली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएची प्रशिक्षण शाळा होती. तिथे जेम्स नेस्मिथ हे कॅनडात जन्मलेले शिक्षक शिकवत होते. बाहेर बर्फ पडला की फुटबॉल आणि बेसबॉल बंद व्हायचे आणि विद्यार्थ्यांना बंद व्यायामशाळेत कवायतीचा कंटाळा यायचा. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी नेस्मिथना घरात खेळता येईल असा नवा खेळ शोधायला सांगितले. मैदानी खेळ आत आणायचे प्रयत्न फसत होते, कारण त्यांतली धडकाधडकी लाकडी फरशीवर आणि चार भिंतींच्या आत धोक्याची होती. तेव्हा नेस्मिथनी धडकाधडकी होते कशामुळे, याचाच विचार केला. अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडू चेंडू घेऊन धावतो. त्याला थांबवायचे तर पकडून खाली पाडण्यावाचून दुसरा उपाय नसतो. मग चेंडू हातात असताना धावायलाच मनाई केली, तर पाडण्याचे कारणच उरत नाही. बास्केटबॉल या खेळाच्या पायाची वीट इथे रचली गेली. पीचची टोपली सज्जाच्या कठड्याला टांगण्याचे प्रसिद्ध प्रकरण त्यानंतरचे.

नेस्मिथनी १३ नियम लिहिले. त्या वर्गातल्या १८ विद्यार्थ्यांचे नऊ-नऊचे दोन संघ झाले आणि डिसेंबरातच पहिला सामना रंगला. जानेवारी १८९२ मध्ये ते नियम शाळेच्या नियतकालिकात छापून आले. त्यांतला तिसरा नियम आपल्या विषयाचा पाया आहे. चेंडू घेऊन धावता येणार नाही, जिथे झेलला तिथूनच तो फेकायचा, असे तो सांगतो. मात्र त्याला एक सवलत जोडलेली आहे: वेगात धावताना चेंडू झेलला आणि खेळाडू थांबायचा प्रयत्न करत असला, तर त्याला सांभाळून घ्यावे. पहिले वाक्य लिहिताना नेस्मिथना खेळ हवा होता आणि सवलत लिहिताना माणसाचे शरीर ठाऊक होते. धावणारा माणूस जागच्या जागी गोठत नाही, त्याला थांबायला थोडी जमीन लागते. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ नियमपुस्तकांत ट्रॅव्हलिंगवर जे काही लिहिले गेले, ते याच एका प्रश्नाभोवती फिरते: ही थोडी जमीन म्हणजे नेमकी किती?

आपल्याकडच्या वाचकाला ही रचना परकी वाटू नये. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खुंटापर्यंत त्याला वळता येत नाही, मधली पट्टीही ओलांडता येत नाही. या बंधनामुळेच त्याला बसलेल्या गड्याला खो द्यावा लागतो, आणि तो खो हाच त्या खेळाचा प्राण आहे. पाठलाग करणाऱ्याला मोकाट धावू दिले असते, तर खो द्यायची गरजच पडली नसती आणि उरली असती नुसती पकडापकडी. बास्केटबॉलमध्येही तेच घडले. चेंडूवाल्याचे पाय बांधले, म्हणून पास आला. एकट्याने पळून जाण्याची वाट बंद झाली, म्हणून पाचजणांना एकमेकांकडे बघावे लागले.

पास ही पहिली वाट. दुसरी वाट खेळाडूंनी स्वतः शोधली. समोरचा इतका जवळ आला की पास करायला फट नाही, अशा वेळी चेंडू जरा पुढे टाकायचा आणि आपणच जाऊन घ्यायचा, ही युक्ती सुरुवातीच्याच काळात रुजली. येल विद्यापीठाच्या संघाचे नाव त्या संदर्भात घेतले जाते. हातातून सुटलेला चेंडू कुणाचाच नसतो, मग तो पुन्हा घ्यायला स्वतःला मज्जाव कसा करणार? त्यातून ड्रिबल घडत गेला. आज मुले मैदानात आल्या आल्या ज्याचा सराव करतात, तो टप्प्यांचा ठेका याच नियमाच्या फटीतून उगवलेला आहे. उलट नेटबॉल हा बास्केटबॉलच्याच घराण्यातला खेळ मूळच्या कडक वाटेवर राहिला. तिथे टप्पे देत पळता येत नाही, झेलणारीचे पाय बांधलेले असतात आणि सगळा खेळ पास आणि जागा पटकावण्यावर चालतो. आपल्या शाळांत दोन्ही खेळ खेळणाऱ्या मुलींना दोहोंतले नाते लगेच दिसते.

आता आजचा नियम. भारतातल्या स्पर्धा फिबा या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनी खेळल्या जातात, म्हणून इथेही तेच धरले आहेत. त्यांनुसार, मैदानात जिवंत चेंडू हातात धरलेला असताना एक किंवा दोन्ही पाय ठरलेल्या मर्यादेबाहेर हलले, की ट्रॅव्हलिंग होते. यातले ‘हातात धरलेला असताना’ हे शब्द अधोरेखित करून ठेवा. टप्पे चालू असताना चेंडू हाताला लागलेला नसतो, तेव्हा किती पावले टाकावीत याला मर्यादा नाही. एका टप्प्यात पाच लांब ढांगा टाकून कुणी पुढे गेला तर त्याचे कौतुक करावे, बोंब मारू नये. पास अंगावर येऊन निसटला, हातातून घरंगळला, तर तोवर चेंडू ताब्यात आलेलाच नसतो आणि पावलांचा हिशेबही सुरू झालेला नसतो.

ताबा आला की दोन परिस्थिती संभवतात. खेळाडू उभा होता, किंवा चालता-धावता होता.

उभ्या खेळाडूचे प्रकरण सरळ आहे. दोन्ही पाय जमिनीवर असताना चेंडू झेलला, तर कुठलाही एक पाय उचलायची मोकळीक असते. ज्या क्षणी एक पाय उचलला, त्या क्षणी दुसरा पाय पिव्हट ठरला. आता हा पाय जिथे टेकला आहे तिथेच राहिला पाहिजे. त्याच्या चवड्यावर गोल फिरता येते, टाच उचलता येते. मोकळा पाय पुढे, मागे, आडवा, हवा तेवढ्या वेळा टाकता येतो. पण पिव्हट पाय सरकला, फरफटला किंवा उचलून दुसरीकडे ठेवला, तर शिट्टी.

तिथून सुटायच्या वाटाही दोन आणि दोन्हींचे कायदे वेगळे. टप्पा द्यायचा असेल, तर पिव्हट पाय उचलण्याआधी चेंडू हातातून सुटला पाहिजे. पास किंवा शॉट मारायचा असेल, तर पिव्हट पाय उचलता येतो, त्या पायावरून उडीही घेता येते. फक्त चेंडू सुटेपर्यंत पाय परत जमिनीला लागता कामा नये. हा फरक ज्याला नीट कळला त्याचा निम्मा गोंधळ संपला. ‘पिव्हट उचलला म्हणजे ट्रॅव्हल’ हा समज शाळेच्या मैदानावर इतका घट्ट बसला आहे की चांगले खेळाडूही योग्य हालचाल अर्ध्यावर सोडतात.

हे जवळून बघायचे तर एका खेळाडूला उजव्या हाताशी, तीन गुणांच्या रेषेजवळ उभी कल्पा. पास आला, तिने दोन्ही हातांनी घेतला. समोरची मुलगी हातभर अंतरावर आहे. हिला उजवीकडून घुसायचे आहे. डावा पाय पिव्हट आहे. मनात घाई असते, म्हणून शरीराचे वजन आधी पुढे झुकते, वजनामागून डावी टाच, मग डावा चवडा उठतो आणि चेंडू अजून छातीशीच असतो. तो जमिनीकडे निघतो तेव्हा डावा पाय हवेत गेलेला असतो. शालेय सामन्यांत होणारे ट्रॅव्हलिंग बहुतांशी हेच असते आणि ते पायांच्या चुकीपेक्षा हातांच्या उशिराने होते. त्यावर उपायही तसाच: उजवा मोकळा पाय लांब टाकताना चेंडू त्याच्या बरोबरीने खाली सोडायचा, त्या पायाच्या थोडा पुढे, बाहेरच्या बाजूला. चेंडू आधी सुटला की डाव्या पायाला उठायची मोकळीक मिळते आणि पहिलीच ढांग बचावाला मागे टाकते. या एका हालचालीचा सराव रोज आरशासमोर, चेंडू नसतानाही करता येतो. त्याचे टप्पे पुढे दिले आहेत.

चालत्या खेळाडूचा नियम समजायला थोडा कठीण आहे, कारण तो नेस्मिथच्या सवलतीचाच वंशज आहे. धावताना चेंडू झेलला किंवा ड्रिबल संपवून हातात घेतला, तर थांबण्यासाठी, पास किंवा शॉट मारण्यासाठी दोन पावले मिळतात. ही दोन पावले कुठून मोजायची, यावर जगभर वाद होता. १ ऑक्टोबर २०१७ पासून फिबाने तो मिटवला. चेंडू ताब्यात येतो त्या क्षणी जो पाय जमिनीवर आहे, त्याला शून्य समजायचे. त्यानंतर जमिनीला लागेल ते पहिले पाऊल आणि त्यानंतरचे दुसरे. प्रशिक्षक याला ‘झिरो स्टेप’ म्हणतात. पूर्वी त्या टेकलेल्या पायालाच पिव्हट धरत, म्हणून नव्या नियमाने एक पाऊल फुकट दिले अशी ओरड झाली. माझ्या मते झाले ते एवढेच की धावणाऱ्या शरीराला जे जमते आणि डोळ्यांना जे दिसते, ते लिहिलेल्या नियमाशी जुळले.

उजव्या हाताचा ले-अप घ्या. शेवटचा टप्पा दिला, चेंडू उसळून दोन्ही हातांत आला तेव्हा डावा पाय जमिनीवर आहे. तो शून्य. मग उजवा पाय, एक. मग डावा पाय, दोन. डाव्यावरून उडी, उजवा गुडघा वर, चेंडू बोर्डावरच्या चौकोनाला हलका लागून आत. बसून मोजणाऱ्याला यात जमिनीला लागलेले तीन पाय दिसतात आणि तो ‘स्टेप्स!’ ओरडतो. पंचाला मात्र ताब्याआधीचा पाय आणि ताब्यानंतरची दोन पावले दिसतात. दोघेही एकच दृश्य बघत असतात, फक्त मोजणीची सुरुवात वेगळ्या क्षणापासून करतात. म्हणूनच सुरुवातीला म्हटले, चेंडू हातात कधी आला हा पहिला प्रश्न. एक मर्यादा मात्र इथे लक्षात ठेवावी: धावताना पास झेलून तिथून टप्पा सुरू करायचा असेल, तर दुसरे पाऊल पडण्याआधी चेंडू सुटलाच पाहिजे. झेलून दोन पावले टाकायची आणि मग सावकाश ड्रिबल सुरू करायचा, ही मोकळीक कुणालाच नाही.

थांबण्याचेही तीन प्रकार होतात आणि त्यांवरून पिव्हट ठरतो. पहिल्या पावलाला एकच पाय टेकला आणि दुसऱ्याला दुसरा, तर पहिला टेकलेला पाय पिव्हट. पहिल्याच पावलाला दोन्ही पाय एकदम टेकले, ज्याला आपण जम्प स्टॉप म्हणतो, तर कुठलाही पाय पिव्हट करता येतो. तिसऱ्या प्रकारात पहिल्या पावलाला एक पाय टेकून त्यावरूनच उडी घेतली आणि दुसऱ्या पावलाला दोन्ही पायांवर एकदम उतरला, तर मात्र कुठल्याच पायावर पिव्हट करता येत नाही. तिथून उडून पास करायचा किंवा शॉट मारायचा. या तिसऱ्या प्रकारात मुले हमखास अडकतात, कारण दोन्ही पाय सारखे टेकलेले असतात आणि फिरायचा मोह होतो. ताबा मिळाल्यावर एकाच पायाने लागोपाठ दोनदा जमिनीला टेकणेही चालत नाही, हेही त्याच जोडीला लक्षात ठेवावे.

पडण्याबद्दलही गैरसमज आहेत. चेंडूसाठी झेप घेऊन कुणी जमिनीवर पडला, चेंडू धरूनच घसरत गेला, तर ते नियमात बसते. आडवा पडलेला असताना चेंडू मिळाला, तरी चालते. पण चेंडू धरून लोळला किंवा उठायला लागला, तर ट्रॅव्हलिंग. अशा वेळी आडव्या अवस्थेतूनच पास करावा हे मुलांना सरावात शिकवून ठेवलेले बरे. सामन्यात ते आपोआप सुचत नाही.

आता बचाव करणाऱ्याच्या बाजूने बघू, कारण हा नियम त्याच्याही हक्काचा आहे. समोरच्याने ड्रिबल संपवून चेंडू हातात घेतला, की त्याला पुन्हा टप्पा देता येत नाही. आता तो एका पायाशी बांधला गेला. बचाव करणाऱ्याला हे कळले की तो निर्धास्तपणे जवळ सरकतो, हात वर करून पासच्या वाटा झाकतो. फिबाच्या नियमात अगदी जवळून रोखलेल्या खेळाडूने पाच सेकंदांत पास, शॉट किंवा ड्रिबल केला नाही, तर चेंडू जातो. धक्का न देता, अंगाला हात न लावता समोरच्याला कोंडीत पकडता येते, ते केवळ त्याच्या रोवलेल्या पायामुळे. नेस्मिथना हवे होते ते नेमके हेच: चेंडूवाल्याची जागा ठाऊक असल्यामुळे त्याला अडवायला अंगबळाची गरज पडू नये. नियम मोडला की प्रतिस्पर्ध्यांवर अन्याय होतो, तो असा. त्यांनी ज्या जागेचा हिशेब धरून पाय टाकलेले असतात, ती जागाच कुणीतरी गुपचूप हलवलेली असते.

कोंडीत सापडलेल्या खेळाडूसाठी मात्र तोच पाय ढाल होतो. चेंडू आणि प्रतिस्पर्धी यांच्यामध्ये खांदा आणि पाठ आणायची असेल, तर पिव्हटवर मागे फिरायचे. मोकळ्या पायाने आडवे लांब पाऊल टाकले की पासचा कोन बदलतो, आणि त्या एका पावलाने बंद वाट उघडते. अनुभवी खेळाडू त्या पाच सेकंदांत घाबरत नाहीत. गुडघे वाकवून, चेंडू हनुवटीखाली धरून, कोपरे बाहेर ठेवून फिरतात आणि सहकाऱ्याला मोकळे व्हायला वेळ देतात.

पिव्हट पायाची कला शिखराला नेलेला खेळाडू म्हणून हकीम ओलाजुवान यांचे नाव घ्यावे लागते. नायजेरियातल्या लागोसमध्ये वाढलेले हकीम किशोरवयात फुटबॉल आणि हँडबॉल खेळत. बास्केटबॉलकडे ते उशिरा वळले, पण पाय आधीच तयार झालेले होते. ह्यूस्टन रॉकेट्सकडून त्यांनी १९९४ आणि १९९५ अशी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची सलग दोन विजेतेपदे मिळवली. बास्केटकडे पाठ करून ते चेंडू घेत. एका खांद्याने बेसलाइनकडे जाण्याचा आभास करत, बचाव करणारा तिकडे झुकला की त्याच पिव्हटवर उलट फिरत, चेंडू शॉटसाठी वर नेल्याचे दाखवत. समोरचा उडी मारून हवेत गेला की मोकळा पाय त्याच्या पलीकडे टाकून त्याच्या हाताखालून चेंडू बास्केटमध्ये सोडत. ‘ड्रीम शेक’ म्हणून ही हालचाल ओळखली गेली. १९९५ च्या पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत त्या हंगामाचे सर्वोत्तम खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन तिच्यापुढे वारंवार हतबल झाले. पुढे कोबी ब्रायंट आणि लेब्रॉन जेम्स यांच्यासारखे खेळाडू ही पावले शिकायला ह्यूस्टनला ओलाजुवान यांच्याकडे गेले. या हालचालीत वेग किंवा उडी यांचा भाग मर्यादित आहे. एक पाय हलू न देता समोरच्याला किती वेळा चुकीचा निर्णय घ्यायला लावता येतो, हे त्यात दिसते. शेवटचे पाऊल टाकताना पिव्हट उठतो, आणि तो परत टेकण्याआधी चेंडू सुटलेला असतो. नियमाच्या काठावर, पण पूर्णपणे नियमाच्या आत.

एनबीएचे सामने बघणारी मुले हमखास विचारतात: तिथे हे सगळे चालते, मग आम्हालाच शिट्टी का? उत्तर सविस्तर द्यायला हवे. लिथुआनियाच्या शारूनास मार्चुलिओनिस यांनी आणि नंतर अर्जेंटिनाच्या मानू जिनोबिली यांनी प्रसिद्ध केलेला यूरोस्टेप बघा. पहिले पाऊल एका बाजूला आणि दुसरे झटकन विरुद्ध बाजूला. ताब्यानंतरची पावले दोनच, फक्त ती सरळ रेषेत पडत नाहीत. डोळा सरळ रेषेची अपेक्षा करतो म्हणून तो फसतो. जेम्स हार्डन यांच्या स्टेप-बॅकमध्येही मागे पडणाऱ्या पावलांआधी ताबा कधी आला, यावर सारे अवलंबून असते. एनबीएच्या नियमपुस्तकात दोन पावलांची तरतूद २००९ मध्ये स्पष्ट शब्दांत आली आणि ताबा घेण्याच्या क्षणाची, म्हणजे ‘गॅदर’ची, व्याख्या २०१९ मध्ये. अनेक हालचाली आज दोन्हीकडे चालतात. काही वेळा मात्र तिथेही पंचांच्या नजरेतून चूक सुटते, आणि ती चूक हळू गतीच्या चित्रफितीत लाखो लोक बघतात. सुटलेली चूक म्हणजे नवा नियम नव्हे, एवढे मुलांना समजावून सांगावे.

पंचाचे काम किती अवघड आहे याचीही जाणीव वाचकाला व्हावी असे मला मनापासून वाटते. त्याला एकाच वेळी हात आणि पाय बघायचे असतात आणि हात वर असतात, पाय खाली. चांगला पंच पास हवेत असतानाच झेलणाऱ्याच्या पायांकडे बघतो, चेंडू येताच कुठला पाय टेकलेला आहे हे टिपतो आणि मग त्या एका पायाचा पिच्छा सोडत नाही. हालचाल विचित्र दिसली, एवढ्यावर तो शिट्टी फुंकत नाही. अमुक पाय पिव्हट होता आणि तो अमुक ठिकाणी हलला, हे सांगता येत असेल तरच फुंकतो. शालेय स्पर्धांत पंच म्हणून उभे राहणाऱ्या शिक्षकांनी हा एक निकष पाळला, तरी निम्मे वाद मिटतील.

महाराष्ट्रात या खेळाची परंपरा मोठी आहे. मुंबईच्या नागपाड्यात, मध्यमवर्गीय आणि कष्टकरी वस्तीच्या मधोमध, नागपाडा नेबरहुड हाउसच्या कोर्टाने पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू घडवले. भारताचे कर्णधार आणि १९७० च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतसिर हे याच वस्तीतले. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले. असे खेळाडू बघताना आपण त्यांच्या शॉटला टाळ्या देतो. त्यांच्या पायांकडे बघायची सवय मात्र आपल्याला कमी आहे, आणि ती आपल्या प्रशिक्षणातही दिसते. शाळेत चेंडू मुलांच्या हातात पडतो आणि पहिल्या दिवसापासून टप्पे आणि शॉट सुरू होतात. थांबायचे कसे, पहिला पाय कुठला टेकवायचा, फिरताना वजन कुठे ठेवायचे, हे चुका व्हायला लागल्यावर, ओरडून सांगितले जाते. तोवर सवयी घट्ट होतात.

आपली बहुतेक कोर्टे उघड्यावर आहेत. सिमेंटच्या फरशीवर धुळीचा पातळ थर असला की पिव्हट पाय इच्छा नसतानाही सरकतो आणि झिजलेल्या तळव्याचे बूट त्यात भर घालतात. पंच सरकणे बघतो, कारण बघत नाही. म्हणून सरावाआधी कोर्ट झाडणे, बुटांचे तळवे ओल्या फडक्याने पुसणे, ही नियमाच्या अभ्यासातलीच कामे समजावीत. गुडघे पुरेसे वाकलेले आणि वजन चवड्यावर असेल, तर त्याच फरशीवर पाय बराच स्थिर राहतो. ताठ उभ्या खेळाडूचा पाय आधी घसरतो.

पुस्तकाचा उपयोग कसा करावा याबद्दल थोडे. पहिल्या भागात उभ्या खेळाडूचा पिव्हट आहे आणि त्यात चेंडूला टप्पा देणे कुठेच नाही. तो भाग ओलांडायची घाई करू नये. दुसऱ्या भागात थांबण्याचे प्रकार आणि शून्य पाऊल, तिसऱ्यात ले-अप, यूरोस्टेप आणि स्टेप-थ्रू यांच्या आकृत्या आहेत. चौथा भाग पंचांसाठी आहे, पण तो खेळाडूंनीही वाचावा. ज्याला पंचाच्या जागेवरून स्वतःची चूक दिसते, त्याची ती चूक लवकर सुटते. सराव जोडीने करावा: एकाने हालचाल करायची, दुसऱ्याने फक्त पाय बघायचे आणि प्रत्येक वेळी ‘ताबा’, ‘एक’, ‘दोन’ असे मोठ्याने म्हणायचे. थोड्याच दिवसांत दोघांचेही डोळे तयार होतात.

शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. नव्या मुलांना पहिला आठवडा टप्प्याविना खेळवा. पास, झेल, थांबणे, फिरणे, पुन्हा पास. मुले कुरकुर करतील, पण मग सहकारी कुठे उभा आहे हे ती आपणहून बघू लागतील, कारण चेंडू पुढे न्यायचा तो एकच मार्ग त्यांच्याकडे उरलेला असेल. त्यानंतर ड्रिबल शिकवा. तोवर त्यांना कळलेले असेल की चेंडू हातात आला म्हणजे धावायचे थांबवून आधी संघाकडे बघायचे, आणि बास्केटबॉल शिकण्याची खरी सुरुवात तिथूनच होते.